अंतकाळाचीं चिन्हें

मरणाविषयीं आपल्या समाजांत पुष्कळ बोललें जातें. मरत असलेल्या शरीराविषयीं मात्र जवळजवळ कांहींच बोललें जात नाहीं. आत्मा कोठें जातो, कोणत्या मार्गानें जातो, तेराव्या दिवसापर्यंत कोणतें कर्म करावें, ह्याची माहिती घराघरांत असते. पण ज्या चार-सहा दिवसांत मनुष्याचा देह आपला पसारा हळूहळू आवरूं लागतो, त्या दिवसांत त्याच्या आंत काय घडत असतें, हें विचारण्यास आपण धजत नाहीं. आश्चर्याची गोष्ट ही कीं, आपल्या भाषेजवळ ह्या विषयाचा शब्दसंग्रह मोठा आहे. अन्नावरची वासना उडाली, वाचा बसली, हातपाय गार पडले, ऊर्ध्व लागला, घरघर लागली, नाडी सुटली, डोळे फिरले. हे शब्दप्रयोग कोणा पंडितानें बसून रचलेले नाहींत. पिढ्यान् पिढ्या ज्या बायकापुरुषांनीं मरणाऱ्याच्या उशाशीं रात्री जागवल्या, त्यांच्या निरीक्षणांतून ते उतरले आहेत. शब्द राहिले, त्यांच्यामागील पाहणें मात्र आपण हरवून बसलों आहों. मरण घरांतून रुग्णालयांत गेलें, आणि उशाशीं बसणाऱ्याची जागा यंत्रांनीं घेतली.

ह्या हरवलेल्या पाहण्याची आठवण करून देणारें एक मरण वर्धा जिल्ह्यांत घडलें आणि तें सगळ्या देशानें पाहिलें. वर्धा शहरापासून सुमारें आठ किलोमीटरवर धाम नदीच्या कांठीं पवनार आहे. तेथील आश्रमांत ता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं आचार्य विनोबा भावे ह्यांनीं देह ठेवला. त्या मरणाचा धार्मिक अर्थ अनेकांनीं सांगितला आहे. येथें पाहावयाचें आहे तें त्याचें शारीरिक अंग. कारण देहाच्या सूचना ओळखाव्या कशा, आणि ओळखल्यावर आपल्या हातून काय व्हावें व काय होऊं नये, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढें केव्हां ना केव्हां उभा राहणारच आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगतों. विनोबांचा जन्म ता. ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें गांवचा. म्हणजे १९८२ च्या नोव्हेंबरांत त्यांचें वय सत्याऐशी वर्षांचें होतें. भूदानाच्या निमित्तानें देशभर पायीं हिंडलेला हा मनुष्य १९७० पासून क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारलाच राहिला होता. ता. ५ नोव्हेंबर रोजीं त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार झाले. परंतु ता. ८ पासून त्यांनीं अन्न, पाणी आणि औषध घेण्याचें थांबविलें. जवळच्या मंडळींनीं विनविलें, डॉक्टरांनीं समजाविलें. निश्चय ढळला नाहीं. सातव्या दिवशीं, दिवाळीच्या अमावास्येला, सकाळीं प्राण गेला. महावीरांच्या निर्वाणाचाहि तोच दिवस मानतात. दुसऱ्या दिवशीं धामच्या कांठीं दहन झालें. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या वेळीं ब्रेझनेव्ह ह्यांच्या अंत्यविधीसाठीं मॉस्कोस गेल्या होत्या. तेथील मुक्काम आटोपता घेऊन त्या पवनारला आल्या.

हें मरण समजून घ्यावयाचें तर त्याच देहाच्या आधींच्या दोन आजारांकडे वळलें पाहिजे. १९३८ सालीं विनोबांची प्रकृति इतकी ढासळली होती कीं त्यांचें वजन अवघें ८८ पौंड, म्हणजे सुमारें चाळीस किलो, उरलें होतें. गांधीजींनीं त्यांना विश्रांतीसाठीं बाहेर जाण्यास सांगितलें, तेव्हां दूरच्या थंड हवेच्या ठिकाणाऐवजीं त्यांनीं पवनार येथील जमनालाल बजाज ह्यांचा बंगला निवडला. त्या वेळीं त्यांच्याकडे कोणीं पाहिलें असतें तर हाडांचा सांपळा आणि खोल गेलेले डोळे हींच त्याला दिसलीं असतीं. पण विश्रांति, मोकळी हवा, बेताचा आहार आणि शेतांत थोडें थोडें खणण्याचा व्यायाम ह्यांच्या बळावर दहा महिन्यांत चाळीस पौंड वजन वाढलें. देह थकला होता, संपला नव्हता.

दुसरा प्रसंग १९५२ च्या डिसेंबरांतील. भूदानयात्रा तेव्हांच्या बिहारांतील चांडिल येथें असतांना विनोबांना घातक मलेरिया झाला. औषध घेणार नाहीं, असें ते म्हणाले. ताप इतका चढला कीं प्राणाची आशा राहिली नाहीं. अखेर चोहोंकडून आग्रह झाला, आणि त्यांनीं औषध घेतलें. ताप उतरला, आणि यात्रा पुढें अनेक वर्षें चालली. ह्या दोन प्रसंगांत मरणाचा धोका होता. मरणाचा उदय नव्हता. १९८२ मध्यें ज्या हृदयाचा पंप सत्याऐशी वर्षें चालून खिळखिळा झाला होता, त्याला पुन्हां तरुण करील असें औषध नव्हतें. धोका आणि उदय ह्यांतील हा भेद ओळखणें, हेंच ह्या विषयाचें मर्म आहे.

हा भेद प्राचीनांना ठाऊक होता. चरकसंहितेंत इंद्रियस्थान नांवाचा जो विभाग आहे, त्याचे बाराहि अध्याय केवळ मरणाच्या पूर्वचिन्हांना वाहिलेले आहेत. ह्या चिन्हांना तेथें अरिष्ट म्हटलें आहे. जसें फळाच्या आधीं फूल, तसें मरणाच्या आधीं अरिष्ट, हा त्याचा दृष्टांत. वर्ण, स्वर, गंध, स्पर्श, श्वास, दृष्टि अशा एकेका अंगानें वैद्यानें रोग्यास कसें पाहावें, हें तेथें क्रमानें सांगितलें आहे. सुश्रुतानेंहि सूत्रस्थानांत ह्या विषयास अध्याय दिले आहेत. स्वप्नें, वैद्यास बोलावण्यास येणारा दूत, वाटेंत होणारे शकुन हेंहि त्या ग्रंथांत पुष्कळ आहे. तें आज आपण बाजूस ठेवूं. पण दोन गोष्टी बाजूस ठेवतां येणार नाहींत. एक ही कीं, जें अरिष्ट नाहीं त्याला अज्ञानानें अरिष्ट समजणारे लोक असतात, हें चरक स्पष्ट बजावतो. दुसरी ही कीं, अरिष्ट दिसलें तरी वैद्यानें न विचारतां तें बोलूं नये, आणि विचारल्यावरहि, ज्यामुळें रोगी वा दुसरा कोणी खचून जाईल तेथें बोलूं नये, असा तो सल्ला देतो. दृष्टि स्वच्छ असावी आणि जीभ आवरती असावी, हा वैद्यकाचा फार जुना धडा आहे.

ग्रीसमध्यें हिपोक्राटीसच्या नांवावर जे ग्रंथ आहेत, त्यांपैकीं एकांत मरणोन्मुख चेहऱ्याचें वर्णन आहे. नाक धारदार, डोळे खोल, कानशिलें बसलेलीं, कान गार व आखडलेले, कपाळाची कातडी ताणलेली व कोरडी. सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी डॉक्टरांच्या भाषेंत त्या चेहऱ्यास त्याचेंच नांव आहे. परंतु त्या वर्णनाच्या पाठोपाठ जें येतें तें अधिक मोलाचें आहे. असा चेहरा दिसतांच निदान करूं नये. रोग्याला झोंप नव्हती काय, जुलाब फार झाले काय, तो उपाशी आहे काय, हें आधीं विचारावें. ह्यांपैकीं कांहीं असेल तर धोका कमी समजावा. १९३८ सालच्या विनोबांच्या बाबतींत हाच प्रश्न नेमका लागू होता. चेहरा एकच असतो. त्यामागील कारणें दोन असूं शकतात.

आपल्या भाषेंतहि ह्या निरीक्षणाचें एक थोर उदाहरण आहे. गीतेच्या आठव्या अध्यायांत प्रयाणकाळाचा विषय येतो. त्यावर लिहितांना ज्ञानेश्वरांनीं देहांतील अग्नीचा विचार केला आहे. अंगांत ऊब आहे तोंवर स्मृति आणि जाणीव शाबूत; कफाचा जोर होऊन ती ऊब विझली कीं देह ओल्या मातीसारखा होतो आणि स्मरण झांकोळतें, असा त्यांचा आशय आहे. पुढें शरीरशास्त्रानें जें वेगळ्या शब्दांत सांगितलें, त्याचें बाह्य रूप ह्या वर्णनांत आलेलें आहे: कफ, गारठा आणि ग्लानि ह्या तीन गोष्टी अंतकाळीं हातांत हात घालून येतात.

आतां त्या आंतल्या घडामोडींकडे वळूं. मुख्य गोष्ट एकच आहे. शरीर हें एक राज्य मानलें तर अंतकाळीं त्याचा खजिना आटत असतो. सर्व प्रांतांना पुरेल इतकें रक्त पाठविण्याचें सामर्थ्य हृदयांत राहत नाहीं. तेव्हां दूरचे प्रांत एकेक करून सोडले जातात, आणि उरलेलें बळ मेंदू व हृदय ह्या राजधानीच्या रक्षणासाठीं राखलें जातें. बाहेरून जीं चिन्हें दिसतात, तीं बहुतेक सर्व ह्या माघारीचीं आहेत.

पहिली माघार अन्नाची. पचन हें श्रमाचें काम आहे. आंतड्यांस त्यासाठीं पुष्कळ रक्त लागतें. तें मिळेनासें झालें कीं भूक जाते. मनुष्य खात नाहीं म्हणून मरतो आहे, असें घरच्यांना वाटतें. वस्तुतः तो मरतो आहे म्हणून खात नाहीं. उपवासांत आणखी एक क्रिया घडते. यकृतांतील शर्करेचा सांठा साधारण एका दिवसांत संपतो, मग शरीर चरबी जाळूं लागतें, आणि त्यांतून निघणारे कीटोन नांवाचे पदार्थ मेंदूस इंधन म्हणून पुरतात. ह्या पदार्थांमुळें भुकेची जाणीवहि मंद होते. म्हणून पहिल्या दिवसांनंतर उपवास करणाऱ्याला भुकेच्या यातना होत असतीलच, असें मानण्याचें कारण नाहीं.

दुसरी माघार मूत्रपिंडांची. रक्ताचा ओघ घटला आणि पाणी थांबलें कीं लघवी थोडी व गडद होते, मग बंद पडते. जे पदार्थ तीवाटें बाहेर जावयाचे ते रक्तांत सांचतात, आणि त्यांच्या योगानें एक प्रकारची गुंगी येते. मनुष्य दिवसाचा बहुतेक वेळ झोंपून काढतो. हांक मारली तर डोळे उघडतो, ओळखतो, आणि पुन्हां मिटतो. ही गुंगी दिसण्यास भयंकर असली तरी पुष्कळ वेळां ती देहाची दयाच असते.

तिसरी माघार हातापायांची. बोटें गार पडतात, नखें निळसर होतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट जाळें दिसूं लागतें. मनगटाची नाडी प्रथम बारीक होते, मग लागेनाशी होते. 'नाडी सुटली' असें जुनीं माणसें म्हणत तें हेंच. हातपाय गार असले तरी रोग्याला थंडी वाजत असतेच असें नाहीं. जड पांघरुणांचा ढीग त्याला नकोसा होतो. हलकें पांघरूण पुरतें.

चौथें चिन्ह श्वासाचें. डब्लिन येथील जॉन चेन ह्या वैद्यानें १८१८ मध्यें आणि त्याच शहरांतील विल्यम स्टोक्स ह्यानें १८५४ मध्यें ज्याचें वर्णन केलें, तो श्वास असा: हळूहळू खोल होत जातो, मग हळूहळू उथळ होत जातो, मग कांहीं क्षण पूर्ण थांबतो, आणि पुन्हां सुरू होतो. त्या थांबण्यांत उशाशीं बसलेल्यांचा जीव टांगणीस लागतो. मेंदूंतील श्वासाचें केंद्र रक्तांतील वायूंच्या बदलास उशिरा दाद देऊं लागतें, म्हणून ही लाट उठते. शेवटीं श्वासागणिक खालचा जबडा हलूं लागतो. 'ऊर्ध्व लागला' ह्या शब्दांत आपल्या पूर्वजांनीं हीच अवस्था पकडली आहे.

पांचवें, घरघर. गिळण्याची आणि खोकण्याची शक्ति गेल्यामुळें घशांतील लाळ व कफ तेथेंच राहतात, आणि त्यांतून हवा जातांना आवाज होतो. ऐकणाऱ्यास वाटतें कीं मनुष्य गुदमरतो आहे. परंतु ह्या वेळीं रोगी बहुधा शुद्धीवर नसतो, आणि त्या आवाजाचा त्रास त्याच्यापेक्षां घरच्यांनाच अधिक होतो. त्याला कुशीवर वळविलें तर आवाज पुष्कळदां कमी होतो. येथें चमच्यानें पाणी ओतणें मात्र घातक. तें पोटांत न जातां श्वासनलिकेंत जातें.

ह्या चिन्हांची तपासणी आधुनिक काळांतहि झाली आहे. अमेरिकेंतील ह्यूस्टन आणि ब्राझीलमधील बारेटोस येथील कर्करोगाच्या रुग्णालयांत डेव्हिड हुई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३५७ रोग्यांचें प्रत्यक्ष निरीक्षण करून आपले निष्कर्ष २०१४ व २०१५ मध्यें प्रसिद्ध केले. शेवटच्या तीन दिवसांचीं खात्रीचीं चिन्हें म्हणून त्यांनीं जीं नोंदलीं, त्यांत जबडा हलणारा श्वास, मनगटाची नाडी न लागणें, घरघर, लघवी घटणें, बाहुल्या प्रकाशास दाद न देणें हीं आहेत. आणि नाकाच्या बाजूनें ओठापर्यंत येणारी सुरकुती ढळणें हेंहि आहे. आपल्या आज्या नाकाकडे आणि ओठांकडे पाहून जें ओळखीत, तें अगदींच अंधश्रद्धेचें नव्हतें.

ह्या सगळ्या माघारींत कान बहुधा मागें राहतो. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० मध्यें असें दाखविलें कीं, शेवटच्या तासांत हांकेस ओ न देणाऱ्या कांहीं रोग्यांच्या मेंदूंत आवाजाची नोंद होत असते. त्याला बोललेलें कळतेंच, असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं; पण उशाशीं बसून वांटणीच्या गोष्टी करूं नयेत आणि प्रेमाचे शब्द बोलण्यास उशीर झाला असें समजूं नये, इतकें निश्चित ठरतें.

आतां ज्या प्रश्नावर घरोघरीं वाद होतो तो प्रश्न. म्हातारा मनुष्य आठवड्यापासून खात नाहीं, पाणीहि नाकारतो; मुलगा म्हणतो, सलाईन लावा. न लावलें तर आपण बापाला उपाशी मारलें, ही टोंचणी जन्मभर राहील अशी त्याला भीति वाटते. ह्या भीतीला उत्तर हवें, आणि तें अनुभवावरून देतां येतें.

अन्न सोडून पाणी चालूं ठेवलें तर मनुष्य कित्येक आठवडे जगतो. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर ह्यांनीं कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ती महिन्याहून अधिक काळ चालून सप्टेंबर १९५५ मध्यें पूर्ण झाली. स्वातंत्र्यवीर सावरकर ह्यांनीं प्रायोपवेशन केलें, आणि ता. २६ फेब्रुवारी १९६६ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. तेंहि आठवड्यांचेंच प्रकरण होतें. पाणीहि थांबलें तर अवधि एक-दोन आठवड्यांचा उरतो, आणि हृदय आधींच दुबळें असेल तर त्याहून कमी. पवनारचे सात दिवस ह्या हिशेबांत बरोबर बसतात. तेथें शरीरशास्त्राचा नियम मोडला नव्हता. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत, अंतकाळची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना अन्नपाणी आपण होऊन सोडलेल्या रोग्यांविषयीं विचारलें गेलें. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीप्रमाणें असे रोगी शेंकडा ८५ पंधरा दिवसांच्या आंत गेले, आणि मरण कसें आलें ह्यास शून्य ते नऊ ह्या मापांत परिचारिकांनीं दिलेला मध्यम गुण आठ होता. म्हणजे ज्यांनीं तीं मरणें डोळ्यांनीं पाहिलीं त्यांना तीं शांत वाटलीं.

सलाईनविषयींचा पुरावाहि आहे. ह्यूस्टन येथेंच १२९ मरणोन्मुख कर्करोग्यांचे दोन गट करण्यांत आले. एकास रोज एक लिटर, दुसऱ्यास नांवापुरतें १०० मिलिलिटर द्रव दिलें. २०१३ मध्यें जाहीर झालेला निष्कर्ष असा कीं, त्रासांत वा आयुष्यांत फरक पडला नाहीं. उलट थकलेलें हृदय आणि बंद पडलेलीं मूत्रपिंडें ह्यांना अधिक पाणी पेलवत नाहीं. तें पायांत सूज आणि छातींत कफ होऊन उरतें. तहान लागते ती मुख्यतः तोंड कोरडें पडल्यामुळें. ओल्या कापडानें ओठ पुसणें, जिभेवर थेंबभर पाणी सोडणें, तोंड स्वच्छ ठेवणें ह्यांनीं ती शमते.

परंतु हा नियम शेवटच्या दिवसांपुरताच आहे, हें दहादां सांगितलें पाहिजे. जुलाबानें सुकलेल्या मुलाचा चेहरा हिपोक्राटीसच्या वर्णनासारखाच दिसतो, आणि तेथें पाणी हेंच जीवन असतें. १९७१ मध्यें बंगालच्या सरहद्दीवरील बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, साखर आणि पाणी ह्यांच्या मिश्रणानें पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. त्यांना कोणी अंतकाळचे समजून सोडून दिलें असतें तर तो गुन्हा झाला असता. वर्धा जिल्ह्याजवळ ह्याचा स्वतःचा दाखला आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान महारोगानें पीडित होऊन १९३९ च्या सुमारास सेवाग्रामला आले ते तेथें मरण यावें ह्या इच्छेनें. गांधीजींनीं त्यांना ठेवून घेतलें, स्वतःच्या हातानें त्यांचें अंग चोळलें. मरण्यास आलेला तो मनुष्य त्यानंतर कांहीं वर्षें जगला, आणि १९४५ मध्यें वर्ध्याजवळील दत्तपूरच्या कुष्ठधामांत वारला. उलट ज्यांनीं गांधीजींना वर्ध्यास आणलें ते जमनालाल बजाज ता. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं एकाएकीं गेले. त्यांच्या देहानें कोणतीच सूचना दिली नाहीं, आणि कोणास सेवेची संधि मिळाली नाहीं. सूचना देऊन येणारें मरण हें त्या मानानें भाग्याचें मानलें पाहिजे.

पवनारच्या मरणाला आत्महत्या म्हणावें काय, हा प्रश्न तेव्हांहि निघाला. जैन परंपरेचा विनोबांवर मोठा प्रभाव होता. जैन मताचें सार सांगणारा 'समणसुत्तं' हा ग्रंथ १९७४ मध्यें त्यांच्याच प्रेरणेनें तयार झाला. आत्महत्या करणारा जीवनास कंटाळून मरणास ओढून आणतो. विनोबांनीं दाराशीं आलेल्या मरणास थोपविण्याचें सोडून दिलें. कायदा मात्र ह्या भेदापाशीं अडखळत आला. राजस्थानच्या उच्च न्यायालयानें २०१५ च्या ऑगस्टमध्यें संथारा बेकायदा ठरविला. त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिति दिली. ता. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य केला, आणि निरुपयोगी उपचार नाकारण्याची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली. पवनारचें उदाहरण घेऊन कोणीं तरुण वा बरा होण्याजोगा मनुष्य अन्न सोडील तर तो त्याचा अनर्थ होईल. चांडिलला औषध घेणारे विनोबा आणि पवनारला तें नाकारणारे विनोबा एकच होते. पहिले विसरून दुसऱ्यांचें अनुकरण करतां येत नाहीं.

उपचार थांबविणें म्हणजे सेवा थांबविणें नव्हे. वेदना शमविणें, धाप कमी करणें, अंगावर क्षतें पडूं न देणें ह्यांचें एक स्वतंत्र शास्त्र लंडनमध्यें १९६७ मध्यें सिसिली साँडर्स ह्यांनीं सेंट ख्रिस्तोफर येथें उभें केलें. १९८६ मध्यें मुंबईस वांद्रें येथें शांति आवेदना सदन निघालें. धाप आणि वेदना ह्यांवर उत्तम असें मॉर्फिन मिळणें आपल्या देशांत कायद्यानें अवघड होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें ती वाट सोपी झाली. सेवाग्रामला १९६९ मध्यें ग्रामीण भागासाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. अशा संस्थांतून शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांनीं मरण लांबविण्याबरोबरच मरणाऱ्याजवळ बसण्याचीहि विद्या घेतली, तर खेड्यांतील मरणें पुष्कळ सोपीं होतील.

आणि घरच्यांनीं काय करावें? आपल्या जुन्या चालीरीतींत त्याचें अर्धें उत्तर आहे. तुळशीचें पान आणि गंगेचा थेंब ओठांवर ठेवण्याची रीत, थेंबापुरतीच राहिली तर, शरीरशास्त्रासहि मान्य होईल. रोग्याजवळ हलक्या आवाजांत नाम घेणें हें कानाविषयीं जें वर सांगितलें त्याच्याशीं जुळतें. पण मरणोन्मुखास खाटेवरून गार जमिनीवर ओढून काढणें, मोठ्यानें आक्रोश करणें, चमच्याचमच्यानें दूध वा पाणी कोंबणें, हें आतां सोडावें. ओठ ओले ठेवावे, कुशीवर वळवावें, हात हातांत घ्यावा, आणि श्वास थांबला कीं घड्याळाकडे न पाहतां वाट पाहावी.

१९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि सानेगुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. त्यांतील आठव्या प्रवचनाचा विषय प्रयाणसाधना हाच आहे: अंतकाळचा क्षण साधावयाचा तर त्याची तयारी रोजच्या जगण्यांत चालली पाहिजे. हा उपदेश जितका मरणाऱ्यास, तितकाच उशाशीं बसणाऱ्यासहि लागू आहे. तीं चिन्हें काय सांगतात हें आधीं शिकून ठेवलेलें नसेल, तर त्या रात्रीं भीतीनें गोंधळलेलें मन भलतेंच करून बसतें. शिकून ठेवलेलें असेल, तर हात स्थिर राहतात. आणि जाणाऱ्यास त्या वेळीं बहुधा तेवढेंच हवें असतें.